जागृत ज्वालामुखीवर पहिल्यांदा चढताना

जागृत ज्वालामुखीवर जायचं ठरवलं की घरचे एकच विचारतात, लाव्हा आला तर? खरं तर लाव्हाची काळजी सगळ्यात शेवटी करायची. तो बहुतेक वेळा माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकतो आणि दिसतो लांबून. बाजूला व्हायला वेळ मिळतो. (अपवाद आहेत. कांगोमधल्या न्यिरागोंगोचा 1977 सालचा लाव्हा इतका पातळ होता की त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास पोचला असावा, असा अंदाज आहे.) चढणाऱ्यांचे जीव जातात ते आकाशातून पडणाऱ्या धोंड्यांनी, तापलेल्या राखेच्या लोटाने आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंनी. या सगळ्यांच्या मागे बऱ्याचदा पाणी असतं. ते कसं, हे कळलं की सॅकमध्ये काय भरायचं आणि कड्यावर किती वेळ थांबायचं, हे आपोआप कळत जातं.

साधे डोंगर चढायची सवय आहे, पण धुमसत्या डोंगरावर कधी गेलो नाही, अशांसाठी हा लेख आहे.

आधी डोंगराचा स्वभाव ओळखा

पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या दगडाचा समुद्र उसळतोय, हे चित्र शाळेपासून आपल्या डोक्यात असतं. ते चुकीचं आहे. भूकवचाखालचं प्रावरण तापलेलं आहे, अतिशय संथपणे सरकतंही, पण आहे ते घन खडकाचंच. तो खडक वितळायला निमित्त लागतं आणि अशी मुख्य निमित्तं दोन.

पहिलं, दाब कमी होणं. खोलवरचा खडक तापलेला असूनही वरच्या भारामुळे घन राहतो. तोच वर सरकला की भार हलका होतो आणि थोडा भाग वितळतो. आइसलँड आणि हवाईमध्ये हे घडतं. यातून निघणारा बेसाल्टी शिलारस पातळ असतो, 1100 ते 1200 अंश सेल्सिअस तापलेला, आणि त्यात सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) साधारण 50 टक्के.

दुसरं निमित्त पाणी. समुद्रतळाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, तेव्हा खनिजांमध्ये मुरलेलं पाणी तो सोबत खाली नेतो. सुमारे 100 किलोमीटर खोलीवर हे पाणी वरच्या प्रावरणात शिरतं आणि खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली आणतं. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, अँडीज, मध्य अमेरिका इथले ज्वालामुखी या पाण्याची लेकरं. त्यांचा शिलारस वर येता येता सिलिकाने समृद्ध होतो, म्हणजेच चिकट होतो, आणि त्यात वजनाच्या 4 ते 6 टक्के पाणी विरघळलेलं असू शकतं.

चिकटपणाला एवढं महत्त्व का? सोड्याची बाटली उघडली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. शिलारसाचंही तसंच. तो एकतारी पाकासारखा असेल तर बुडबुडे सहज निसटतात, वर कारंजी उडतात, लाव्हा वाहतो आणि लोक लांब उभे राहून फोटो काढतात. गोळीबंद पाकासारखा असेल तर बुडबुडे आतच अडकतात, दाब साठत जातो आणि शेवटी शिलारसाचा भुगा होतो. हा भुगा म्हणजेच ज्वालामुखीची राख. ती जळून उरलेली राख नव्हे. काच आणि दगड यांचे 2 मिलिमीटरपेक्षा लहान, धारदार कण असतात ते.

इटलीतला स्ट्रॉम्बोली या दोन टोकांच्या मधला. त्याच्या नळीतून वायूचे मोठमोठे फुगे वर येतात आणि मुखाशी फुटतात, दर 10-20 मिनिटांनी एकदा. शतकानुशतकं हे चालू आहे, म्हणूनच त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणतात. तो इतका नेमाने फुटतो की माणूस गाफील होतो. 3 जुलै 2019 रोजी खोलवरचा, वायूने भरलेला शिलारस झपाट्याने वर आला आणि नेहमीच्या कितीतरी पट मोठा स्फोट झाला. एक पदयात्री त्यात गेला. तेव्हापासून 924 मीटरच्या शिखराची वाट बंद झाली आणि आता वाटाड्यासोबतही 400 मीटरच्या आसपास थांबावं लागतं.

पहिल्या चढाईसाठी माझा सल्ला असा: ज्याच्यावर चोवीस तास उपकरणांची नजर आहे, ज्याचा स्वभाव लोकांना अनेक वर्षं ठाऊक आहे आणि जो शेजारच्या सुरक्षित डोंगरावरून दिसतो, असा ज्वालामुखी निवडा. ग्वाटेमालातला फ्वेगो बघायला लोक त्याच्यावर चढत नाहीत, शेजारच्या 3976 मीटर उंच आकातेनांगोवर चढतात आणि तिथून रात्रभर त्याचे स्फोट पाहतात. यात मला अजिबात कमीपणा वाटत नाही. याच फ्वेगोतून 3 जून 2018 रोजी निघालेल्या राखेच्या लोटाने पायथ्याची वस्ती गाडली आणि शेकडो माणसं गेली.

‘शांत आहे’ याचा अर्थ नीट समजून घ्या

आता मूळ मुद्दा. ज्वालामुखी फुटायला दर वेळी नवा शिलारस वर यावा लागत नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी डोंगरात मुरतं. खाली जुना, गरम खडक आणि त्यातून झिरपणारे वायू असतातच. तापलेलं पाणी दाबाखाली अडकतं. वरचं झाकण कुठे तडकलं, की ते एका क्षणात वाफ होतं. उघड्या हवेत पाण्याची वाफ झाली की ती साधारण 1700 पट जागा व्यापते. डोंगराचा एक तुकडा धोंडे होऊन उडायला तेवढं पुरतं. शास्त्रज्ञ याला फ्रिॲटिक उद्रेक म्हणतात. आपण वाफेचा स्फोट म्हणू. आकाराने हे उद्रेक बहुधा लहान असतात. पण शिलारस वर सरकताना जे भूकंप होतात, जी जमीन फुगते, ते इशारे इथे फार थोडा वेळ आधी मिळतात, कधी मिळतच नाहीत.

जपानमधला 3067 मीटर उंच ओन्ताके याचं सगळ्यात कठोर उदाहरण. 27 सप्टेंबर 2014, शनिवार, पानगळीच्या रंगांचा ऐन हंगाम, निरभ्र आकाश, दुपारचे 11 वाजून 52 मिनिटं. लोक शिखरावर डबे उघडून बसले होते. वाफेचा स्फोट झाला आणि 63 जण गेले, त्यांतल्या 5 जणांचे मृतदेह आजवर सापडलेले नाहीत. बहुतेकांना धोंड्यांनी गाठलं. त्या महिन्याच्या 10 आणि 11 तारखेला छोटे भूकंप वाढले होते, पण नंतर कमी झाले. सलग थरथर सुरू झाली ती स्फोटाच्या अवघी 11 मिनिटं आधी. इशाऱ्याची पातळी होती 1, सगळ्यात खालची. तेव्हा या पातळीचं अधिकृत वर्णन एका शब्दाचं होतं: ‘सामान्य’. पुढच्या वर्षी जपानी हवामान संस्थेने तो शब्द काढून टाकला आणि तिथे लिहिलं, ‘हा जागृत ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा’. आकडा तोच राहिला, 1.

फिलिपिन्सच्या मायोनवर 7 मे 2013 रोजी जेमतेम सव्वा मिनिटाच्या अशाच स्फोटात 5 जण गेले. तिथली पातळी तर शून्य होती.

पातळी, परवाना आणि नकाशावरचं वर्तुळ

जाण्याच्या आधी निदान महिनाभर त्या देशाच्या ज्वालामुखी संस्थेची पत्रकं वाचायला लागा. इटलीत आयएनजीव्ही, इंडोनेशियात पीव्हीएमबीजी, फिलिपिन्समध्ये फिव्होल्क्स, न्यूझीलंडमध्ये जिओनेट, अमेरिकेत यूएसजीएस. जगभरचा साप्ताहिक आढावा स्मिथसोनियन संस्था काढते. पत्रकात तीन गोष्टी शोधा: भूकंपांची संख्या आणि सलग थरथर, जमीन फुगते आहे का, आणि सल्फर डायऑक्साइड किती निघतोय. त्या दिवशीचा आकडा किती मोठा, यापेक्षा महिनाभरात काय बदललं ते बघा. वायू अचानक वाढला तर थांबा. अचानक खूप कमी झाला तरी थांबा; नळी बुजलेली असू शकते.

प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी आहे, हे विसरू नका. जपानची 1 ते 5, इंडोनेशियाची 1 ते 4, न्यूझीलंडची 0 ते 5. अमेरिकेत हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग. न्यूझीलंडच्या मोजपट्टीत 3 पासून पुढे प्रत्यक्ष उद्रेक; म्हणजे 2 ही उद्रेक नसतानाची सर्वांत वरची पायरी. व्हाकारी बेट 9 डिसेंबर 2019 रोजी दुपारी फुटलं तेव्हा पातळी 2 होती आणि बेटावर 47 जण होते. त्यांतले 22 गेले. पाचांपैकी दोन म्हणजे फारसं काही नाही, असं एखाद्या नवख्याला सहज वाटलं असतं.

परवाना मिळाला म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज आहे. सुमात्रातल्या मारापीभोवती (हा जावातल्या मेरापीहून वेगळा) 3 किलोमीटरच्या आत जाऊ नका, असं ज्वालामुखी संस्था सांगत होती. चढाईची नोंदणी मात्र चालू होती. 3 डिसेंबर 2023 रोजी तो फुटला तेव्हा सुमारे 75 जण डोंगरावर होते आणि वीसहून अधिक जण परतले नाहीत. तिकीट देणारी खिडकी आणि भूकंपमापकाकडे बघणारा माणूस एकाच खोलीत बसलेले नसतात. दोघांचं म्हणणं वेगळं असेल तर दुसऱ्याचं ऐका.

निघण्याआधी स्वतःची नोंद करा: नाव, वाट, परतायची वेळ. ओन्ताकेनंतर डोंगरावर नेमके कोण आहेत, हेच शोधकर्त्यांना सुरुवातीला कळत नव्हतं.

सॅकमध्ये काय हवं

हेल्मेट. गिर्यारोहणाचं, हनुवटीला पट्टा असलेलं. मोठ्या धोंड्यापुढे ते टिकणार नाही, पण पडणाऱ्यांत बारीक दगड जास्त असतात. आणि ते डोक्यावर हवं, सॅकला लटकवलेलं नको.

धुरकट मुखापर्यंत जाणार असाल तर आम्लवायूंसाठीची फिल्टर डबी लावलेला मुखवटा लागतो. एन-95 मास्क राखेसाठी उत्तम, पण वायू त्यातून आरपार जातात. ओला रुमाल ही दुधाची तहान ताकावर भागवण्यातली गत. आणि कोणताही फिल्टर कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. त्यावर एकच उपाय, तिथून निघणं. दम्याचा त्रास असेल तर मुखाच्या कडेपर्यंत जाण्याचा विचार सोडा, इथे मी आढेवेढे घेणार नाही.

डोळ्यांना पूर्ण झाकणारे गॉगल्स घ्या आणि कॉन्टॅक्ट लेन्स खोलीवर ठेवून चष्मा लावा. राखेचा काचेरी कण लेन्सखाली गेला की बुबुळ खरवडतो. जाड हातमोजे हवेतच, कारण ताज्या लाव्हाच्या खडकावर नुसता हात टेकला तरी कातडी सोलते. पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लोकरी कपडे, घोट्याच्या वर जाणारे बूट, बुटात खडी शिरू नये म्हणून गेटर, हेडटॉर्च आणि जादा सेल. बूट नवे कोरे नकोत आणि जुने, तळ सुटायला आलेलेही नकोत, कारण तापलेल्या जमिनीवर तळव्याचा गोंद मऊ पडतो.

पाणी माणशी निदान 3 लिटर. असे डोंगर भोकाळ दगडांचे असतात, पाऊस पडला की गाळणीसारखा खाली निघून जातो. वाटेत झरा भेटेल या आशेवर राहू नका. मुखातल्या सुंदर निळ्या-हिरव्या तळ्याला हातही लावू नका. इंडोनेशियातल्या इजेनचं तसलं तळं तीव्र आम्लाचं आहे, सामू 1 पेक्षाही कमी.

चढाई

पहाटे निघा. दुपारनंतर ढग चढतात आणि मुखाजवळ ढग कुठला, वाफ कुठली, ते कळेनासं होतं. निघताना वाऱ्याची दिशा लिहून घ्या. वारा पाठीवर किंवा बाजूने घेत मुखाकडे जायचं. धुराचा पट्टा तुमच्याकडे वळला की वाट बदलायची किंवा परतायचं.

ज्वालामुखीच्या सुळक्यावरचा घसारा वेगळाच. गोल, हलके, भोकाळ दगड, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. सरळ चढू नका, नागमोडी चढा, बुटाचं टोक आत रोवून पाऊल पक्कं करा आणि पुढच्याच्या नेमके खाली राहू नका. त्याच्या पायाखालून सुटलेला दगड तुमचाच असतो.

जुन्या लाव्हाच्या पठारांची दोन रूपं आहेत आणि जगभर त्यांना हवाईची नावं आहेत. ‘पाहोएहोए’ गुळगुळीत, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा. त्यावर चालायला मजा येते, पण वरची पापडी पातळ आणि खाली पोकळी असू शकते. ‘आआ’ म्हणजे काटेरी ढेकळांचा ढीग. एक किलोमीटरला एक तास लागला तरी आश्चर्य मानू नका. बेसाल्टमध्ये लोहखनिज असल्याने होकायंत्र मधूनच भलतीकडे दाखवतं, म्हणून जीपीएस सोबत ठेवा.

ताज्या लाव्हावर पाय ठेवायचा नाही. वरून काळा आणि थंड दिसतो, आत हजार अंश असतो. लाव्हा आणि बर्फ एकत्र दिसले तर आणखी लांब राहा: 16 मार्च 2017 रोजी इटलीतल्या एटनावर बर्फावर सरकणाऱ्या लाव्हाखाली वाफ कोंडली, स्फोट झाला आणि जवळ उभे असलेले सुमारे दहा जण जखमी झाले. आइसलँडच्या फाग्रादाल्सफ्याल्लवर 2021 च्या एप्रिलमध्ये पहिल्या मुखापासून काहीशे मीटरवर अचानक नवी भेग उघडली आणि आलेल्या लोकांना घाईने हलवावं लागलं. लाव्हा कुठून येणार, हे कालच्या नकाशावर छापलेलं नसतं.

मुखाच्या कडेवर

इथे पोचल्यावर माणसाला घड्याळाचा विसर पडतो. पोचण्याआधीच ठरवा: वीस मिनिटं, फोटोसकट. धोका मिनिटांवर मोजला जातो. निम्मा वेळ थांबलात तर निम्माच.

अगदी कडेला उभे राहू नका. खालून पोखरलेली कड वरून शाबूत दिसते. पांढऱ्या-पिवळ्या, मऊ, वाफाळत्या जमिनीवर वाट सोडून एक पाऊलही टाकू नका. इटलीतल्या सोल्फातारा विवरात सप्टेंबर 2017 मध्ये एकाच कुटुंबातले तिघे अशा जमिनीतल्या खड्ड्यात गेले. ते काही दुर्गम शिखर नव्हतं, शहरातलं सहलीचं ठिकाण होतं.

वायूंपैकी सल्फर डायऑक्साइड निदान सांगून तरी येतो: घसा खवखवतो, खोकला येतो, डोळे चुरचुरतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून हायसं वाटू देऊ नका. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो हवेपेक्षा दीडपट जड. वारा पडलेला असेल तेव्हा तो खळग्यात, घळीत, बर्फातल्या विवरांत साचतो. म्हणून विश्रांतीला बसायचं ते उंचवट्यावर. वाऱ्यापासून आडोसा म्हणून खड्ड्यात नाही. डोकं दुखायला लागलं तर ते उंचीमुळे की वायूमुळे, यावर खल करू नका. उपाय दोन्हींवर एकच: खाली उतरा.

फुटलाच तर

पाठ फिरवून पळायची ऊर्मी येईल. पहिले काही क्षण ती दाबा आणि वर बघा. धोंडे सुट्टे पडत असतील तर डोळ्यांनी माग ठेवून ऐनवेळी बाजूला होता येतं; पळणाऱ्याला पाठीमागून येणारा दगड दिसत नाही. मारा दाट असेल तर मोठ्या खडकाच्या, मुखापासून पलीकडच्या बाजूला दबा, सॅक डोक्यावर आणि मानेवर घ्या. ओन्ताकेवर जे वाचले त्यांतले अनेकजण निवाऱ्यात किंवा खडकाआड पोचलेले होते. पण छप्पर म्हणजे अभय नव्हे. न्यूझीलंडच्या टोंगारिरोवर 6 ऑगस्ट 2012 च्या रात्री धोंडे निवाऱ्याचं छत फोडून आत आले. सुदैवाने आत कोणी नव्हतं.

मारा ओसरला की लगेच निघा. व्हिडिओ काढायला थांबू नका, कारण दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. इथे एक पेच आहे. धोंड्यांपासून खळगा वाचवतो, पण राखेचा लोट आणि जड वायू खळग्यांतून, घळींतूनच वाहतात. म्हणून आडोसा फक्त मारा चालू असेपर्यंत. नंतर डोंगराच्या सोंडेवर या आणि धारेने उतरा.

काळ्या राखेचा लोट जमिनीला चिकटून उतारावरून येताना दिसला, तर त्याला शर्यतीत हरवता येत नाही: ताशी 80 किलोमीटरच्या वर वेग आणि काहीशे अंश तापमान. 1991 साली जपानच्या उन्झेनवर अशाच लोटात 43 जण गेले. ज्वालामुखींचं चित्रण करण्यात आयुष्य घालवलेले मोरिस आणि कातिया क्राफ्ट त्यांतच होते. लोटावर एकच उत्तर, ते म्हणजे मुळात तितकं लांब असणं. ज्वालामुखी संस्था नकाशावर मनाईचं वर्तुळ आखते (मारापीभोवतीचं 3 किलोमीटरचं तसंच), ते त्यासाठीच.

राख पडायला लागली तर भरदुपारी काळोख होतो. मास्क, गॉगल्स, हेडटॉर्च, एकमेकांचा हात.

उतरताना

घसाऱ्यावरून उतरताना टाच रोवत, गुडघे सैल ठेवून या. इथे जरा मजा करायला हरकत नाही, खाली कोणी नसेल तर. पाऊस सुरू झाला तर ओढ्याच्या पात्राजवळून जाणारी वाट सोडा. सुट्या राखेत पाणी मिसळलं की ओल्या सिमेंटसारखा चिखल धोंडे घेऊन धावतो, त्याला लाहार म्हणतात. त्यासाठी त्या दिवशी उद्रेक व्हावाच लागतो असं नाही. काही महिन्यांपूर्वीची राखही पुरते. 1985 साली कोलंबियातल्या नेवादो देल रुइसच्या एका छोट्या उद्रेकाने शिखरावरचं बर्फ वितळवलं आणि कितीतरी किलोमीटर दूरच्या आर्मेरो गावात अशा चिखलाखाली वीस हजारांहून अधिक माणसं गाडली गेली.

खाली पोचलात की आधी नोंदवहीत परत आल्याची खूण करा, नाहीतर कोणीतरी तुम्हाला शोधायला वर जाईल. मग कपडे बाहेरच झटका. डोळे चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा. कॅमेऱ्याची आणि चष्म्याची काच कापडाने पुसली की ओरखडे पडतात, म्हणून राख आधी फुंकून उडवा, मग चष्मा पाण्याखाली धरा. बूटही लगेच धुऊन टाका. त्या राखेवर आम्लाचा पातळ थर असतो आणि चार दिवस तशीच राहिली तर शिवण कुजते.